चौदा वर्षांच्या मुक्ताचा प्रश्न



सप्टेंबर महिना आला की आपल्या गावात पोरांच्या भाषणांची तयारी सुरू होते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडा चढतो, आणि एखादी पोर दोन वेण्या घालून, कागद मागं लपवून, पाठ केलेलं भाषण म्हणते. त्या भाषणात आपल्या जळकोटचं नाव यायलाच पाहिजे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या राज्यात शिरली, नळदुर्ग घेतलं आणि त्याच सकाळी जळकोटला पोचली. पुढं उमरग्याकडं गेली. चार दिवसांत निजामाची राजवट संपली. ज्या रस्त्यानं आपण आज नळदुर्गच्या दवाखान्याला जातो, त्याच रस्त्यावरचा हा इतिहास आहे.

या इतिहासात लेकरं कुठं आहेत, असं कुणी विचारलं तर आपण चटकन नंदुरबारच्या शिरीषकुमारचं नाव घेतो. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीत तिरंगा धरलेला हा पंधरा वर्षांचा पोरगा पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याच्यासोबत आणखी चार साथीही गेले. त्यांचं मोल मोठंच आहे. पण धाडस म्हटलं की आपल्याला गोळी आणि झेंडाच आठवतो. आज मी तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. तिनं धाडस केलं ते एक निबंध लिहून. तिचं नाव मुक्ता साळवे.

साल होतं १८५५, म्हणजे आपल्याकडं फौज आली त्याच्या ९३ वर्षं आधीचं. आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख तेव्हा थोड्या वर्षांपुरता इंग्रजांच्या ताब्यात होता. निजामाकडून फौजेच्या खर्चाचे पैसे थकले म्हणून १८५३ मध्ये तो त्यांनी घेतला आणि १८६० मध्ये परत दिला. तिकडं पुण्यात पेशवाई बुडून ३७ वर्षं झाली होती. राज्य बदललं होतं, पण पाणवठे तेच होते, वेशीही त्याच होत्या. कुणी कुणाची सावली घ्यायची आणि कुणाची टाळायची, हेही तसंच होतं.

त्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. आज आपल्या घरात सतरा वर्षांची पोर असली तर तिला एकटीला बाजारला पाठवायला आपण दहादा विचार करतो. सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण-दगड टाकले, सासऱ्यांनी घर सोडायला लावलं, तरी त्यांनी हे काम सोडलं नाही. पुढं अस्पृश्य मानलेल्या जातींच्या लेकरांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. गंज पेठेतले लहुजी वस्ताद साळवे पहिलवान माणूस. जोतीराव त्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकलेले. हे लहुजी मांगवाड्यात घरोघर जाऊन सांगायचे, पोरं शाळेत घाला. मुक्ता त्यांच्याच साळवे घराण्यातली.

ती तीन वर्षं शिकली. आणि चौदाव्या वर्षी तिनं एक निबंध लिहिला. नाव होतं ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. तेव्हा ‘ज्ञानोदय’ नावाचं मिशनऱ्यांचं एक नियतकालिक निघायचं. त्यांनी तो निबंध १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला. लिहिणारीचं नाव, वय आणि जात, सगळं लोकांसमोर आलं.

काय लिहिलं होतं त्यात? मी माझ्या शब्दांत सांगते.

सुरुवातीलाच ती देवाकडं वळते. वेद फक्त ब्राह्मणांचे, आम्ही त्याकडं पाहायचंसुद्धा नाही, असं म्हणतात. मग आमचं पुस्तक कोणतं? प्रत्येक धर्माचे लोक आपल्या धर्मपुस्तकाप्रमाणं वागतात, मग आम्ही कशाप्रमाणं वागायचं? आमचा धर्म कोणता ते देवा, तूच सांग, असं ती विचारते. आणि ज्या धर्मात एकानंच सुख भोगायचं आणि बाकीच्यांनी नुसतं पाहत बसायचं, असा धर्म पृथ्वीवर राहूच नये, असं ती ठामपणे म्हणते. चौदा वर्षांची पोर, तेही १८५५ च्या पुण्यात! आज आपल्या पोरीनं घरात विचारलं, “आई, हे मीच का करायचं, दादानं का नाही?” तरी आपण म्हणतो, “लई बोलायला शिकलीस.”

मग ती पेशवाईतले हाल सांगते. बाजीरावाच्या काळात तालमीसमोरून मांग किंवा महार गेला, तर त्याचं डोकं कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करून खेळत. वाड्याच्या पायात माणसं तेल-शेंदूर पाजून गाडत. हे तिनं स्वतः पाहिलेलं नव्हतं. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी पेशवाई गेली होती. पण घरादारातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढं ते होतंच. आपल्या माणसांनी सोसलेलं ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि लिहून काढायचं, हे काम या पोरीनं केलं. इतिहास लिहिणं याहून वेगळं काय असतं?

यानंतर ती जे लिहिते, ते वाचताना माझा आवाज अडखळतो. ती आपल्या बायांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते. डोक्यावर धड छप्पर नाही, पाऊस-थंडीला आडोसा नाही, दुखणं आलं तर औषधाला पैसा नाही. अशा वेळी त्या बाईला काय वेदना होत असतील, हे तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असं ती वाचणाऱ्यांना सांगते. त्या काळात बाळंतपण ही दाराआडची गोष्ट होती. ती छापील कागदावर आली, आणि आणणारी एक कुमारी मुलगी होती. आपल्यातल्या जुन्या बायांना विचारा, पावसात गळत्या घरात बाळंत होणं म्हणजे काय. त्यांना मुक्ताचं म्हणणं समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट ती लिहिते. वरच्या जातीची पोरं आमच्या लेकरांना दगड मारतात, रक्त काढतात, तरी लेकरं तक्रार करत नाहीत. का? त्याच घरी उष्टं-पाष्टं मागायला जायचं असतं. गरीब माणूस गप्प का बसतो, याचं याहून खरं कारण मी कुठं वाचलेलं नाही. ज्याच्याकडं मजुरीला जायचं, उसनं आणायचं, त्याच्याविरुद्ध तोंड उघडत नाही. आजही नाही.

आणि ती फक्त वरच्यांनाच बोल लावते असंही नाही. महारसुद्धा मांगांना कमी लेखतात, त्यांची सावली टाळतात, हेही ती सांगते. आपल्या शेजारच्या, आपल्यासारख्याच सोसणाऱ्या माणसांना आरसा दाखवायला जास्त हिंमत लागते. आपल्याच गटात आपण कुणाच्या घरचा चहा घेतो आणि कुणाच्या घरी “नको, आत्ताच झाला” म्हणतो, ते ज्याचं त्यानं मनात तपासावं.

शेवटी ती आपल्या लोकांना सांगते, की हे सगळं दुखणं अज्ञानाचं आहे आणि त्याला औषध शिक्षणाचं. शिका, म्हणजे तुमच्यावरचा जुलूम थांबेल.

मुक्ताचा हा एकच निबंध आज आपल्या हाती आहे. पण तो टिकला. भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह झाला, त्यात तो भाषांतर होऊन गेला. आज तो जगभर शिकवला जातो.

दुसरी मुलगी मुंबईची, रखमाबाई. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा एकोणीस वर्षांचा, दादाजी भिकाजी. वर्षभरानं सासरी जायची वेळ आली, तर ही पोर गेली नाही. आईजवळ राहून पुस्तकं वाचत बसली. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन तिच्या पाठीशी होते. १८८४ मध्ये दादाजीनं कोर्टात दावा लावला. मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. लहानपणी, माझ्या संमतीशिवाय झालेलं लग्न मी मानत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. कितीतरी वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. नंतर त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायांची बाळंतपणं केली. त्यांच्या खटल्यानं वातावरण तापलं आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा येण्यात त्याचाही वाटा होता. त्या कायद्यानं मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. १९२९ च्या शारदा कायद्यानं लग्नाचं वय चौदा केलं, आणि १९७८ मध्ये ते अठरा झालं. अकरा वर्षांच्या पोरीची बाजू कायद्याला पुरती कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

मैत्रिणींनो, या दोघींच्या गोष्टीत मला एक सारखेपणा दिसतो. पोर धीट होती हे खरं. पण तिच्या पाठीशी एखादं तरी मोठं माणूस उभं होतं. मुक्ताला सावित्रीबाई होत्या, जोतीराव होते, लहुजी होते, निबंध छापणारा संपादक होता. रखमाबाईला आई आणि सावत्र बाप होते. तिला गप्प न बसवणारी माणसं तिच्याजवळ नसती, तर त्या पाटीवरची अक्षरं तिथंच पुसली गेली असती.

माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं. शाळेत मीही निबंध लिहायची. लग्न ठरलं तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे आईलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून चौदाचा आकडा ऐकला की मला मुक्ता आठवते. आणि आता दुसरंही आठवतं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा लेकराचा हात धरतो तो वयाच्या सहा ते चौदा वर्षांपर्यंत. आठवी झाली की हात सुटतो. नेमकं तिथंच वस्ती-तांड्यावरच्या पोरीचं दप्तर खुंटीला लागतं. पुढची शाळा लांब, एसटी वेळेवर नाही, घरचे तोडीला जाणार, धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. मग एक स्थळ येतं आणि सगळ्यांना तोच मार्ग सोपा वाटतो.

इथं आपला गट कामाला यावा. २००६ च्या कायद्यानं बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लेकरांसाठी १०९८ हा फुकट फोन आहे, तो पोर स्वतःही लावू शकते. लहानपणी झालेलं लग्न मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टातून रद्दही करून घेता येतं. हे आपल्या गटातल्या प्रत्येकीला तोंडपाठ पाहिजे. पण फोन ही शेवटची पायरी झाली. त्याआधी पोरीच्या आईकडं चार बायांनी जाऊन बसायचं. पुढच्या शाळेच्या पासाचं काय, फीचं काय, धाकट्याला कोण सांभाळेल, हे तिच्यासोबत बसून सोडवायचं. गटातून शेळीला कर्ज देतो, तसं दहावीच्या वर्षालाही देता येतं.

आणि एक छोटं काम. पुढच्या बैठकीला आठवी-नववीतल्या एका पोरीला बोलवा. तिला म्हणा, आपल्या गावात तुला काय खुपतं ते एक पानभर लिहून आण. ती वाचेल तेव्हा मधे बोलायचं नाही. “असं कसं लिहिलंस” म्हणायचं नाही. ते पान गटाच्या वहीत चिकटवून ठेवा, ठरावाच्या शेजारी. त्यात कुणाबद्दल काय लिहिलंय, हे ऐकायला जड जाईल. कदाचित आपल्याबद्दलच असेल.

मुक्ताच्या पानावर तिच्या काळचे मोठे लोक होते. आपल्या पोरींच्या पानावर आपण असू. ते ऐकून घेण्याएवढं मन मोठं करू या.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.