चाळिशी कुणी लावायची?

आपली भाषा कधीकधी फार स्पष्टवक्ती असते. 'चाळिशी' म्हणजे वय, आणि त्या वयात नाकावर येऊन बसणारा चष्माही चाळिशीच! दोन्ही टळत नाहीत म्हणून एकाच शब्दात उरकलं असावं. डोळ्यातलं भिंग हळूहळू ताठर होतं, जवळचं बघताना त्याला पूर्वीसारखं फुगता येत नाही, एवढंच कारण.

चष्म्याआधी लोक काय करत असतील? बहुधा दुसऱ्याकडून वाचून घेत. १३०६ साली फ्लॉरेन्समधल्या प्रवचनात जोर्दानो दा पिसा या धर्मगुरूने सांगितलं, की चष्मा करायची कला सापडून अजून वीस वर्षंही झाली नाहीत, आणि ती शोधणाऱ्याशी मी स्वतः बोललोय. नाव मात्र सांगितलं नाही! मला याची फार चुटपुट लागते. पुढे १३५२ साली तोम्मासो दा मोदेनाने त्रेविझोला भिंतीवर कार्डिनल ह्यू यांचं चित्र काढलं, चष्म्यासकट. गंमत म्हणजे ते कार्डिनल १२६३ सालीच वारले होते, चष्मा निघायच्या आधी. पौराणिक नाटकात विश्वामित्राच्या मनगटावर घड्याळ दिसावं, तसंच हे.

त्यानंतर कित्येक शतकं दुरुस्ती नाकावरच राहिली. कागदाला थोडाच चष्मा लावता येतो? पण स्क्रीनला येईल की! २०१४ साली बर्कली आणि एमआयटीतल्या काही संशोधकांनी हेच करून पाहिलं. त्यांत एक रमेश रासकर, आपल्या नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले. त्यांनी आयपॉडच्या स्क्रीनवर बारीक भोकांची जाळी बसवली. तुमचा नंबर धरून गणित करायचं आणि प्रत्येक किरण अशा दिशेने सोडायचा, की डोळ्याने केलेली गडबड आत पोचेपर्यंत फिटून जावी. म्हणजे चित्र तुमच्या डोळ्यात नीट उमटेल, पण चांगल्या नजरेच्या माणसाला धूसर दिसेल. मला तर ही कल्पना वाचूनच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

घोडं अडलं ते व्यवहारात. जाळी बराच उजेड खाते, आणि डोळा ठरलेल्या जागेवरून हलला की सगळं गणित विस्कटतं. आपण तर फोन लोळत वाचणारी माणसं!

२०२१ साली अमेरिकेत याच तक्रारीवर पिलोकार्पिनच्या थेंबांना मान्यता मिळाली. काचबिंदूवरचं हे जुनंच औषध. त्याने बाहुली बारीक होते आणि जवळचं काही तास स्पष्ट दिसतं. पण रात्री गाडी चालवताना जपायला लागतं. मला विचाराल तर डोळ्यात रोज औषध घालण्यापेक्षा स्क्रीनने शहाणं व्हावं हे बरं.

तोवर अक्षरं मोठी करायची, फोन लांब धरायचा, आणि हात अपुरा पडला की नातवाला हाक मारायची. मग बँकेचा ओटीपी आणि रक्ताचा रिपोर्ट अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला जातो.