‘माहीत होतं का?’ : कार्टर रोडचे सात मजूर आणि १८७० सालचं एक कलम

दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल एक भाग करा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पुण्याच्या पोर्शे प्रकरणानंतर सुचवलं होतं. बातम्यांवर बोलायला टीव्ही आहेच. मला त्यामागच्या कायद्याचा इतिहास सांगायचाय, आणि तो एका शब्दाभोवती फिरतो. तो शब्द म्हणजे ‘जाणीव’. पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपल्या हातून कोणी मरू शकतं हे माहीत असतं का? माहीत असतं असं धरलं तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते, नाही धरलं तर जून २०२४ पर्यंत ती दोन वर्षांच्या आत संपायची. आपल्या देशात या एका प्रश्नावर माणसं सुटलीत आणि अडकलीत.

सुरुवात मुंबईपासून करू. १२ नोव्हेंबर २००६, रविवार, पहाटे पावणेचार ते चारच्या दरम्यान. वांद्रे पश्चिमेला कार्टर रोडवर रस्तादुरुस्तीचं काम चालू होतं. कामावरच्या मजुरांसाठी तिथेच तात्पुरत्या झोपड्या उभारल्या होत्या आणि दिवसभराच्या कामानंतर माणसं पदपथावर झोपली होती. एक टोयोटा कोरोला भरधाव आली आणि पदपथावर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं, म्हणजे १०० मिलीलीटर रक्तात ११२ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा ३० आहे. गाडीत दारूची बाटलीही मिळाली.

‘फुटपाथवर झोपतात कशाला?’ हे वाक्य अशा प्रत्येक घटनेनंतर कुणीतरी म्हणतंच. इथे त्याचं उत्तर सरळ आहे. ही माणसं तोच रस्ता दुरुस्त करत होती. काम जिथे, तिथेच बिऱ्हाड. मुंबईतला कुठलाही रस्ता घ्या, तो बांधणाऱ्यांनी त्याच्या कडेला रात्री काढलेल्या असतात.

आता मागे जाऊ, १८६० सालात. त्या वर्षी भारतीय दंड संहिता आली. त्यात खून होता, सदोष मनुष्यवध होता. पण निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर काय, यासाठी वेगळं कलम नव्हतं. ते दहा वर्षांनी, १८७० च्या दुरुस्तीने आलं : कलम ३०४-अ. हयगयीने किंवा अविचाराने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता साल बघा. कार्ल बेंझने आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं १८८६ मध्ये. म्हणजे हे कलम लिहिणाऱ्यांनी मोटार पाहिलेलीच नव्हती. त्यांच्या डोळ्यासमोर बेफाम हाकलेली घोडागाडी असेल, चुकीचं औषध देणारा असेल. पुढची दीडशे वर्षं या देशातले बहुतेक अपघाती मृत्यू याच कलमाच्या मापाने मोजले गेले. शिवाय कलम जामीनपात्र. म्हणजे बऱ्याचदा पोस्टमॉर्टेम उरकायच्या आत चालक घरी पोचलेला असायचा.

गंमत म्हणावी की वैताग, पण नशेबद्दलचं उत्तर १८६० च्या मूळ संहितेत होतंच. कलम ८६. त्याचा साध्या मराठीत अर्थ असा : एखाद्या गुन्ह्यासाठी ‘जाणीव’ आवश्यक असेल आणि माणूस स्वतःच्या मर्जीने प्यायलेला असेल, तर शुद्धीत असताना त्याला जी जाणीव असती, तीच त्याला होती असं धरायचं. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या निकालात या कलमाची फोड केली. ते प्रकरण गाडीचं नव्हतं. एका लग्नाच्या पंगतीत दारू प्यायलेल्या निवृत्त जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जागेवरून सरकायला सांगितलं, तो सरकला नाही, म्हणून गोळी घातली. न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम ठेवली.

मग रस्त्यावरच्या दारूड्याला हा न्याय का लागला नाही? माझं मत सांगतो. बंदूक हातात घेतलेला माणूस आपल्याला गुन्हेगार वाटतो. स्टीअरिंगवरचा माणूस मात्र आपल्यातलाच वाटतो. त्याच्या हातून फक्त ‘अपघात’ होतो. पोलीस, वकील, न्यायाधीश, सगळेच गाडीवाले. सवयीने हात ३०४-अ कडेच जायचा.

दरम्यान मोटार वाहन कायदाही आपल्या गतीने चालला होता. १९३९ च्या कायद्यात पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा होता, पण तो ‘वाहनावर ताबा ठेवता येणार नाही इतका’ प्यायला असेल तर. हे सिद्ध कसं करायचं? सरळ रेषेत चालवून, तोंडाचा वास घेऊन, डॉक्टरने डोळ्यांत बघून. आपल्याकडे डॉक्टरी तपासणीची आणि रक्त घ्यायची सविस्तर पद्धत आली तीही दारूबंदी कायद्याच्या वाटेने. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि रक्ततपासणीचे नियम १९५९ चे. रक्त कोणी काढायचं, कुपी कशी सीलबंद करायची, सगळं त्यात. (‘परमिट रूम’ हा शब्दही त्याच कायद्याची देणगी. कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, अजूनही.)

आकडा आला तो बराच नंतर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ आलं आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्यात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली. ब्रेथ अॅनालायझरचं यंत्र अमेरिकेतल्या इंडियानामध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्येच बनवलं होतं. ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणली, नॉर्वेने तर १९३६ मध्येच ५०. आपली मर्यादा या आकड्यांपेक्षा कडक. शिक्षा मात्र पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड. १९८८ मधले दोन हजार २०१९ पर्यंत तेच राहिले! मग ते दहा हजार झाले. मुंबईपुरतं बोलायचं तर २००७ पासून वाहतूक पोलिसांनी नाकाबंदी लावून तोंडात नळी द्यायला सुरुवात केली आणि काही जण थेट कोठडीत जायला लागले, तेव्हा कुठे शनिवारी रात्री ‘आज गाडी कोण चालवणार?’ हा प्रश्न लोक एकमेकांना विचारू लागले.

आता पुन्हा कार्टर रोड. खटला झटपट चालला, पाच महिन्यांत निकाल आला. १३ एप्रिल २००७ रोजी सत्र न्यायालयाने आरोपीला ३०४-अ खाली दोषी धरलं. शिक्षा : सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड. सात मृत्यू, सहा महिने. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून मात्र त्याला मुक्त केलं.

यावर गदारोळ उठला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, सरकारनेही अपील केलं. ६ सप्टेंबर २००७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल फिरवला : कलम ३०४ भाग दोन, सदोष मनुष्यवध, तीन वर्षं सक्तमजुरी. तर्क समजून घेण्यासारखा आहे. आरोपी त्याच भागातला. या रस्त्यावर काम चालू आहे, रात्री मजूर पदपथावर झोपतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो इतकं पिऊन, इतक्या वेगाने तिथून गाडी घेऊन गेला. मग कोणी मरू शकतं याची जाणीव नव्हती, असं कसं म्हणायचं? १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. लोढा आणि न्या. खेहर यांच्या खंडपीठाच्या निकालाने हे कायम केलं. अॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. तीन वर्षं ही शिक्षा फारच तोकडी आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. पण ती वाढवायला सरकार सर्वोच्च न्यायालयात आलंच नव्हतं, त्यामुळे तीन वर्षं तीच राहिली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्याचा निकाल लागला. १० जानेवारी १९९९ ची पहाट, लोधी कॉलनी, सहा मृत, त्यांतले तीन पोलीस. चालक माजी नौदलप्रमुखांचा नातू. तिथेही सर्वोच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन लावलं, पण कैद भोगून झालेल्या दोन वर्षांइतकीच ठेवली, वर ५० लाख रुपये आणि दोन वर्षं समाजसेवा. मधल्या काळात साक्षीदार फिरले होते आणि एका साक्षीदाराशी चाललेली वकिलांची बोलणी एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्यात पकडली होती. तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

कार्टर रोडपासून थोड्याच अंतरावर, हिल रोडवर, २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे बेकरीसमोर झोपलेल्या कामगारांवर लँड क्रूझर गेली होती. एक गेला, चार जखमी. आरोपी सलमान खान. हा खटला बरीच वर्षं दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात राहिला, कारण ‘जाणीव’ लावायची की ‘हयगय’, हेच ठरत नव्हतं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा आरोप निश्चित झाला, ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केलं. गाडी तेच चालवत होते आणि प्यायलेले होते, हे सरकारी पक्षाला निःसंशय सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निकालात रक्ताच्या नमुन्याच्या प्रवासातल्या त्रुटींची चर्चा आहे. त्या रात्री गाडीत संरक्षणासाठी असलेला पोलीस शिपाई हा मुख्य साक्षीदार २००७ मध्येच क्षयाने वारला होता. न्यायालयाने त्याची साक्ष पूर्ण भरवशाची मानली नाही. मेलेला माणूस पुन्हा पिंजऱ्यात येऊन खुलासा करू शकत नाही.

म्हणजे तत्त्व कितीही पक्कं झालं तरी सगळी मदार एका कुपीवर. शरीर दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने उतरवतं. कार्टर रोडच्या ११२ चं गणित करा : सहा-सात तास उशिरा रक्त घेतलं असतं तर आकडा कुठे आला असता? पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते गेले. अल्पवयीन चालकाचं रक्त घ्यायला सकाळचे कित्येक तास उलटले, आणि ससूनमध्ये नमुनाच बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. तीनशे शब्दांच्या निबंधावर देश हसला आणि चिडला. माझ्या मते खरी गोष्ट निबंधाची नाहीच, कुपीची आहे. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेल्याची नोंद आहे आणि त्यांत दारूमुळे गेलेली जेमतेम अडीच टक्के. ज्याची तपासणीच झाली नाही, ती दारू आकड्यात कुठून येणार?

आणि मागे राहिलेल्यांचं काय? त्यांचा हिशेब फौजदारी न्यायालयात होतच नाही, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. २००९ च्या सरला वर्मा निकालाने त्याचं कोष्टक घालून दिलंय. समजा २८ वर्षांचा मजूर, महिना सहा हजार कमाई, घरी बायको आणि दोन मुलं. वर्षाचे ७२ हजार. एक तृतीयांश त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, उरले ४८ हजार. वयानुसार गुणक १७. झाले आठ लाख सोळा हजार. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानंतर त्यात भविष्यातल्या कमाईपोटी ४० टक्क्यांची भर पडते. पण आधी सहा हजारांचा पुरावा हवा. मुकादमाने रोख दिलेल्या मजुरीची पावती कुठून आणायची? कोर्टात जायचं तर मुंबईत राहायचं कुठे? ज्या रस्त्यावर राहत होते, तिथलं काम तर संपलेलं असतं.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ३०४-अ चं आता कलम १०६ झालंय आणि दोन वर्षांची कमाल मर्यादा पाच वर्षांवर गेलीय. १८७० नंतर पहिल्यांदा. त्याच कलमाचा दुसरा भाग, अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारा, जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर सरकारने राखून ठेवला आणि बाकीची संहिता लागू झाली तेव्हा तेवढाच वगळला. ‘जाणीव’ हा शब्द मात्र नव्या संहितेत, कलम १०५ मध्ये, जसाच्या तसा आहे. आजच्यापुरतं इथेच थांबू.