घरमालकाची भीती आणि अकरा महिन्यांचा करार

वाशी, नेरूळ किंवा खारघरमध्ये भाड्याने घर बघायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. फॅमिली आहे की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? आडनाव काय? ही चौकशी आली कुठून, आणि कायदा मालकाला नेमकं काय करायला सांगतो, हे आज आपण बघू.

सुरुवात 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापासून करू. जागांची टंचाई होती. सप्टेंबर 1940चं भाडं प्रमाण धरलं गेलं आणि भाडेकरूला काढणं अवघड झालं. गरिबाला आधार मिळाला, पण मालकाच्या मनात बसलं की आत आलेला माणूस परत जात नाही. यातून वाट निघाली 'लिव्ह अँड लायसन्स'ची. म्हणजे भाडेकरू नव्हे, फक्त वापरायची परवानगी. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरू मानलं गेलं. भीती आणखी वाढली. सिडकोची स्थापना 1970ची. म्हणजे नवी मुंबई वसू लागली ती याच काळात.

मग 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000पासून लागू झाला. कलम 24 मालकाच्या बाजूचं आहे. लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम 55 मात्र मालकावर जबाबदारी टाकतं. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा. 'अकराच महिने आहेत, नोंदणी कशाला?' हे महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरतात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ही वेगळी गोष्ट. तो फॉर्म भरला म्हणजे करार नोंदला गेला, असं होत नाही.

आता बघा, जुन्या भीतीवर कायद्याने इलाज दिला, तरी आडनावाची चौकशी थांबली नाही. म्हणजे ती सगळी भीतीपोटी नव्हतीच. संविधानाचं कलम 15 सरकारला भेदभाव करू देत नाही, दुकानं-हॉटेलंही सर्वांना खुली ठेवायला लावतं. पण खासगी घराचं दार त्याच्या कक्षेत सरळ येत नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद फक्त पारशीच असावेत हा नियमही वैध ठरवला.

करार कसा करायचा, हे कायद्याने बारकाईने सांगितलं. घर कोणाला नाकारायचं नाही, हे सांगायचं राहिलं. ते कायद्याने सांगावं का? प्रश्नोत्तरांची सुरुवात इथूनच करू.