परमचे सुटे भाग कुठले होते?

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा हे लहानसं गाव आहे. परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर 1946 साली तिथं जन्मले. इकडे त्याच जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याकडेही त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं, आणि त्यासोबत एक गोष्ट सांगतात: अमेरिकेनं महासंगणक नाकारला, म्हणून आपण तो पुण्यात बनवला. कागद पाहिले की या गोष्टीला बरीच पुरवणी जोडावी लागते.

नोव्हेंबर 1984 मध्ये भारत आणि अमेरिकेत संवेदनशील तंत्रज्ञानाच्या देवघेवीचा समझोता झाला. पुढे भारतानं अमेरिकेच्या क्रे कंपनीचा एक्स-एमपी महासंगणक मागितला. या यंत्राच्या क्रमांकातला पहिला आकडा प्रोसेसरांचा. भारताला 24 हवा होता. हाती आला 14, म्हणजे एकच प्रोसेसर, आणि तोही दिल्लीत हवामानाच्या अंदाजापुरता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला मात्र क्रे मिळालाच नाही. पावसाचं गणित करणारं यंत्र अण्वस्त्राचं आणि सांकेतिक लिपी फोडण्याचंही गणित करतं, ही वॉशिंग्टनची धास्ती खोटी नव्हती.

1988 मध्ये पुण्यात स्वदेशी महासंगणक बनवण्यासाठी सी-डॅक ही संस्था उभी राहिली. भटकर तिचे प्रमुख झाले. मुदत तीन वर्षांची होती, आणि 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. त्याच्या पोटात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपा होत्या. पुढच्या परम 8600 मध्ये तर अमेरिकेच्याच इंटेलची आय 860 चिप होती. यानं परमचं मोल उणावत नाही, उलट नेमकं कळतं. निर्बंध होता तो अख्ख्या यंत्रावर. लहान चिपा बाजारात मिळत होत्या. धागे विकतचे, वीण पुण्याची: शेकडो चिपांना एकाच गणितावर एकत्र राबवणारी जोडणी आणि सॉफ्टवेअर आपल्या माणसांनी रचलं. माझ्या मते खरी बुद्धी तिथं लागली.

अवकाशात सुटे भाग विकत आणून जोडण्याची ही वाट नव्हती. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिन घेण्याच्या व्यवहारावरून मे 1992 मध्ये अमेरिकेनं इस्रो आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अवकाश संस्थेवर निर्बंध घातले. 1993 मध्ये रशियानं तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली, तयार इंजिनं तेवढी दिली. उणे अडीचशे अंशांच्या द्रव हायड्रोजनवर चालणारं इंजिन सुट्या चिपांसारखं बाजारातून आणून जोडता येत नाही. धातू, पंप, चाचणीची जागा, सगळं मुळापासून उभारावं लागलं. पुण्याला तीन वर्षं पुरली होती. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन इस्रोची जीएसएलव्ही ही रॉकेट पहिल्यांदा यशस्वी झाली ती 5 जानेवारी 2014 रोजी.