बाखिता ‘नाही’ म्हणाली

१८६९च्या सुमारास सुदानातल्या दारफुरात एक पोर जन्मली. लहानपणीच तिला पळवली, बाजारात उभी केली. भीतीनं ती स्वतःचं नावच विसरली. पळवणाऱ्यांनी दिलेलं नाव तेवढं उरलं – बाखिता. म्हणजे नशीबवान! दोस्तांनो, अशी नावं ठेवणारे आपल्या ओळखीचे आहेत. आपल्या आजा-पणज्यांना धोंड्या, कचऱ्या कुणी केलं?

एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरात तिचं अंग पात्यानं कोरलं, जखमांत मीठ भरलं. पुढं ती इटलीत आली, मूल सांभाळू लागली. मालकीण परत न्यायला आली तेव्हा व्हेनिसच्या कनोसियन मठात ती म्हणाली, नाही येत. मठातल्या सिस्टर तिच्या बाजूनं राहिल्या. २९ नोव्हेंबर १८८९ला कोर्टानं सांगितलं, ही मोकळी आहे.

हे मी मानतो. पण १४५५ साली पोप पाचव्या निकोलसनंच पोर्तुगालच्या राजाला माणसं कायमची गुलाम करायची मुभा दिली होती, तेही विसरत नाही. २००० साली चर्चनं बाखिताला संत केलं. २०१५पासून ८ फेब्रुवारी, तिचा मरणदिन, माणसांच्या व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस झाला.

जोतीरावांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. म्हणजे हे नातं जुनं आहे. आपल्याकडं वेठबिगारीविरुद्ध १९७६चा कायदा आहे. तरी माझा बाप मुकादमाची उचल फेडता फेडताच मेला. त्याच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही.

प्रार्थना जरूर करा. पण आधी ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या शेजारी येऊन उभे रहा.