मुंडकाराच्या घराखालची जमीन

गरिबांसाठी सरकारने घरे दिली असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वसाहत उभी राहते. एकासारखी एक घरे, दारावर नंबर, कोपऱ्यावर पाण्याची टाकी. गोव्यातही अशा वसाहती झाल्या. पर्वरीत, मडगावच्या घोगळला, फोंड्याजवळ कुर्टीला त्या आजही आहेत. परंतु गोव्यातल्या गरीब माणसाला घराची शाश्वती देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न कोणता, असे मला विचाराल तर मी या वसाहतींकडे बोट दाखवणार नाही. त्या प्रयत्नात सरकारने एकही चिरा बसवला नाही. घरे आधीपासून उभीच होती, फक्त त्यांच्या खालची जमीन दुसऱ्याची होती. तो प्रयत्न म्हणजे मुंडकार कायदा.

मुंडकार हा शब्द आपल्या आईवडिलांच्या पिढीला समजावून सांगावा लागत नव्हता. आजच्या मुलांना सांगावा लागतो. भाटकाराच्या भाटात, त्याच्या संमतीने घर बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकार म्हणजे त्या जमिनीचा मालक. कधी तो एखादा श्रीमंत घराण्यातला गृहस्थ असे, तर कधी जेमतेम दहावीस माडांचा धनी. मुंडकार हिंदू असे तसा ख्रिस्तीही असे, आणि भाटकाराचेही तेच. तेव्हा हा धर्माचा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न होता तो जमीन कोणाच्या नावावर आहे याचा.

मुंडकार आणि कूळ यांत आपण पुष्कळदा घोटाळा करतो. कूळ म्हणजे दुसऱ्याची शेती कसणारा. मुंडकाराचा संबंध घराशी. एकच माणूस कूळही असू शकतो आणि मुंडकारही, पण त्याचे हक्क दोन वेगवेगळ्या कायद्यांतून येतात. घराचे भाडे देणारा भाडेकरूही मुंडकार नव्हे. मुंडकार भाडे देत नसे. तो राखण करी, माडांवर नजर ठेवी, पाडपाच्या दिवशी हाताशी राही, सणासुदीला भाटकाराच्या घरी पडेल ते काम करी. पैशाचा व्यवहार नसल्यामुळे पावती नसे, आणि पावती नसल्यामुळे हातात काहीच नसे. मातीच्या भिंती त्याने स्वतः घातलेल्या, छपराची चुडते त्याच्या बायकोने विणलेली, पण भाटकाराची मर्जी फिरली की ते घर सोडायची पाळी येई. कोणाशी भांडावे, कोणाच्या बाजूने साक्ष द्यावी, मुलाला कोणत्या कामाला लावावे, या सगळ्यांत ही टांगती तलवार असे. सगळेच भाटकार दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. मुंडकाराच्या मुलीच्या लग्नाला मदत करणारे, दुखण्याखुपण्यात धावून येणारे भाटकारही होते. पण जे राहणे दुसऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून आहे त्याला शाश्वती म्हणता येत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले. ज्यांच्या मतांवर ते आले त्यांत कुळे आणि मुंडकार फार मोठ्या संख्येने होते. मत देण्याचा अधिकार आला होता, पण ज्या घरातून मत द्यायला निघायचे त्या घराचा भरवसा नव्हता. १९६४ साली कूळ कायदा आला. १९७१ मध्ये मुंडकार, शेतमजूर आणि गावातले कारागीर यांना घरातून हुसकावून लावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. पण हे नुसते संरक्षण होते. जमीन भाटकाराचीच राहिली.

खरे पाऊल पडले ते शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना. १९७५ चा मुंडकार कायदा १२ मार्च १९७६ पासून अमलात आला. मुंडकाराला बेकायदा हुसकावता येणार नाही हे त्यात होतेच, शिवाय घर आणि त्याभोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्यात दिला गेला. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत आणि इतर भागांत २०० चौरस मीटरपर्यंत. किंमत भाटकाराने मनाला येईल ती सांगायची नाही, ती मामलेदाराने ठरवायची. भाटकाराने विकायचे नाही म्हटले तरी मुंडकाराला अर्ज करता येतो.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने गृहनिर्माण मंडळाचे काम चालू होते. १९६८ च्या कायद्याने ते मंडळ आले. दुर्बल घटक, अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न अशा गटांसाठी घरे आणि भूखंड असा त्याचा कारभार. नोकरीसाठी शहरात आलेल्या आमच्यासारख्या कारकून, शिक्षक मंडळींना त्याचा फार उपयोग झाला. पण मंडळाचे घर घ्यायला हप्ता भरावा लागतो आणि हप्त्याला नियमित पगार लागतो. पाडेली, रेंदेर, रोजंदारीवरचा मजूर यांच्याकडे तो कुठून असणार? वीस कलमी कार्यक्रमाखाली भूमिहीनांना भूखंड मिळाले, तेही पुष्कळांच्या कामी आले. तरीही नव्या जागी जायचे म्हणजे गाव, देऊळ, विहीर, शेजार सगळे सोडायचे. मुंडकार कायद्याने माणसाला जागचा हलवला नाही. आहे तिथेच त्याचे पाय रोवले.

मग काम पूर्ण झाले का? नाही. आणि याच ठिकाणी आपण नीट लक्ष द्यायला हवे.

कायद्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली, आपण मुंडकार आहोत हे मामलेदाराकडून ठरवून घेणे आणि नोंदवहीत नाव लावणे. दुसरी, जागा विकत घेणे. पुष्कळ कुटुंबे पहिल्या पायरीवरच थांबली. नाव लागले, एक-चौदाच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात आजोबा दिसू लागले, आता कोण हलवतो आपल्याला, असा धीर आला. तो धीर खोटाही नव्हता. भाटकाराशी रोजचा संबंध होता, त्याला कोर्टकचेरीत ओढणे जिवावर येई. शिवाय मोजणी, आराखडा, वकील, तारखा हे सगळे रोजगार बुडवून करायचे. काहींनी तर पहिली पायरीही चढली नाही. घरपट्टीची पावती आहे, विजेचे बिल आहे, तेवढे पुरे असे त्यांना वाटले. घरपट्टी भरली म्हणून जमीन आपली होत नाही, हे पंचायतीच्या कट्ट्यावर कितीदा सांगितले तरी लोकांच्या गळी उतरत नाही.

भाटकाराची बाजूही ऐकली पाहिजे. मोठ्या भाटकाराला तीनशे मीटर गेल्याचे काही वाटले नसेल, पण दोन-तीन मुंडकार असलेल्या छोट्या भाटकाराचे अर्धे भाट त्यात गेले. भावाभावांत वाटण्या न झालेली मिळकत, त्यातले दोघे मुंबईत, एक पोर्तुगालात, अशा स्थितीत खरेदीच्या अर्जाची नोटीस बजावायची तरी कोणावर? दावे लांबण्याचे हे एक मोठे कारण. मामलेदाराकडे महसुलाची, निवडणुकीची, आपत्तीची शंभर कामे असतात आणि त्यातून उरलेल्या वेळात हे दावे चालतात, हे दुसरे. २०१४ साली कूळ कायद्यात दुरुस्ती करून कुळांचे खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेले, त्यावर कूळ-मुंडकारांनी ओरड केली, आणि पुढे ते परत मामलेदारांकडे आले. या येरझारीत वर्षे गेली.

दरम्यान गोवा बदलला. पूर्वी भाटाला किंमत होती ती माडांची. आता ती चौरस मीटरची आहे. जुना भाटकार जातो, त्याचे वारस सगळे भाट एखाद्या बिल्डरला विकतात, आणि एका सकाळी मुंडकाराला नवा मालक भेटतो. हा मालक त्याच्या आजोबाला ओळखत नाही. त्याला मुंडकार म्हणजे आराखड्यावरची अडचण वाटते. ज्याच्या हातात खरेदीचा कागद आहे तो त्याच्याशी ताठ मानेने बोलतो. ज्याच्या हातात नुसती नोंद आहे त्याला वकील शोधावा लागतो. ज्याच्याकडे नोंदही नाही त्याचे काय होत असेल ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. १९७६ मध्ये एका छपराखाली एक कुटुंब होते, आज तिथे तीन आहेत. कुटुंबे वाढली, तीनशे मीटर वाढले नाहीत. तिसऱ्या पिढीतला मुलगा भाड्याने खोली घेतो, नाहीतर कोमुनिदादीच्या किंवा सरकारी जमिनीवर चार भिंती उभ्या करतो. तो मुंडकार नव्हे, कारण त्याच्या राहण्याला कोणाची संमती नाही. अशा घरांसाठी वेगळे कायदे करण्याचे प्रयत्न झाले. २०२१ मध्ये भूमिपुत्र विधेयक विधानसभेत घाईघाईने संमत झाले आणि जनतेच्या विरोधामुळे बाजूला पडले. २०२५ मध्ये कायद्यांत दुरुस्त्या होऊन 'म्हजें घर' योजना आली. या सगळ्यावर मतभेद आहेत आणि राहतील. कोमुनिदादीच्या जमिनी गावाच्या, त्या अशा जाव्यात का, हा प्रश्न रास्तच आहे. पण मुंडकाराला या रांगेत उभे करू नये. तो अतिक्रमण करून आलेला नाही. त्याला बोलावून वसवले होते.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे साधारण एक घर रिकामे आढळले. म्हणजे गोव्यात घरे कमी आहेत असे नाही. गोव्यातल्या माणसाला परवडणारे, आणि कोणी 'ऊठ' म्हणणार नाही असे घर कमी आहे. नवीन इमारती कितीही झाल्या तरी तेवढ्याने हा प्रश्न सुटणार नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी किंवा शेजारी मुंडकारीची नोंद असेल तर उतारा काढून बघा. नाव कोणाचे आहे, ते हयात आहेत का, वारसांची नावे लागली आहेत का, खरेदी झाली आहे का, हे तपासा. खरेदी राहिली असेल तर अर्ज करा. मामलेदार कचेरीत हेलपाटे पडतील, हे त्याच खात्याच्या बाजूला बसणारा मी कबूल करतो. पण आजोबांनी एक पायरी चढून ठेवली आहे. दुसरी चढायची राहिली आहे, आणि ती आपल्यासाठी दुसरे कोणी चढणार नाही.