परदेशप्रवासात मोबाईलचा माफक वापर

गुहागरसारख्या किनारी तालुक्यातून नोकरीनिमित्त आखाती देशांत किंवा जहाजांवर जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. कोणी पवित्र भूमी, रोम, लुर्द येथे तीर्थयात्रेस जातात. घरची माणसे फोनची वाट पाहत असतात. तथापि थोड्या अनवधानाने मोठे बिल येऊ शकते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

निघण्यापूर्वी : आपल्या कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक कोणत्या देशांत चालतो, हे पाहावे. पॅक नसल्यास ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावे. अन्यथा आपण फोनला हात न लावताही तो इंटरनेट वापरीत राहतो. परदेशात आलेल्या कॉललाही पैसे पडतात. बँकेचे ओटीपी मिळावेत म्हणून भारतीय सिम मात्र चालू ठेवावे. घरचे क्रमांक +९१ लावून साठवावेत.

मुक्काम मोठा असल्यास : तेथील प्रीपेड सिम बहुधा स्वस्त पडते, त्यासाठी पासपोर्ट लागतो. ई-सिमची सोय असलेल्या फोनमध्ये घरूनच पॅक घेता येतो. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतील सिमवर रोमिंगचा जादा आकार रद्द झाला. त्यामुळे इटलीचे सिम सामान्यतः फ्रान्स व पोर्तुगालमध्येही चालते. स्वित्झर्लंड मात्र या संघात नाही.

पवित्र भूमीत : बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रदेशात असून तेथे जव्वाल व उरेदू या कंपन्यांचे जाळे आहे. केवळ इस्राएलसाठी घेतलेला पॅक तेथे चालेलच असे नाही. जॉर्डन व इजिप्तसाठीही वेगळी चौकशी करावी.

आखातात : संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश जातात, परंतु त्यावरील कॉलवर निर्बंध आहेत. तेथे परवानगी असलेले बोटिमसारखे अ‍ॅप घरच्यांच्या फोनमध्येही आधीच बसवून द्यावे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

जहाजावर व विमानात : समुद्रात किंवा आकाशात फोन उपग्रहाच्या जाळ्याशी जोडला गेल्यास दर अतिशय चढे असतात व साधे पॅक बहुधा लागू होत नाहीत. तेथे ‘फ्लाइट मोड’ ठेवून केवळ वाय-फाय वापरावे.

फोन करण्याची वेळ घरी ठरवून जावे. ठरल्या वेळी आलेला पाच मिनिटांचा फोनही वृद्ध आईवडिलांना मोठा दिलासा देतो.